असलसाब

हैदराबादेत शब्दांना तोटा नाही. काचीगुड्याच्या स्टेशनापासून सुलतान बाजारापर्यंत पायी गेलात तरी तेलुगू, दखनी, मराठी, मारवाडी, कन्नड असं सगळं कानावर पडतं आणि एकेका वाक्यात यातल्या तिघीचौघी दाटीवाटीनं बसलेल्या असतात. अशा गावात एका खास जातीचा माणूस जोमानं वाढतो. शब्द वापरण्यापेक्षा तो आला कुठून, कुणाबरोबर आला आणि येताना अंगावर काय अर्थ होता, याची चौकशी करणारा. पुण्यातही ही मंडळी आहेत, पण तिथे समोरचा त्याच पंथाचा निघतो आणि सामना बरोबरीत सुटतो. हैदराबादी माणूस लिहाज पाळणारा. तो ऐकून घेतो, मान हलवतो आणि "हौ साब" म्हणतो. या 'हौ'वर आमचे असलसाब कित्येक वर्षं पोसले गेले आहेत.

त्यांचं खरं नाव गल्लीत फक्त गॅस सिलिंडरवाल्याला माहीत आहे. "असल में" म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्य सुरू होत नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या इराणी हॉटेलातल्या पोऱ्यानं त्यांना हे नाव ठेवलं. कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. "अस्ल म्हणजे मूळ. अरबी शब्द आहे. पोरानं नकळत बरोबर ठेवलं," एवढंच म्हणाले आणि त्याला पाच रुपये टिप दिली. त्याच हॉटेलात रोज सकाळी एक पौना चहा समोर घेऊन ते बसतात आणि इराणी चहा इराणात कुणी पीत नाही, तिकडे बिनदुधाचा असतो, हे नव्या गिऱ्हाइकाला सांगतात. पोऱ्या "और चाय होना?" विचारतो, गिऱ्हाईक "नक्को" म्हणतं, की असलसाबांचा चेहरा भाडं वसूल झालेल्या घरमालकासारखा उजळतो. कारण 'नक्को' हा आपला 'नको'. 'मैंच', 'उधरीच', 'अब्बीच' यातला तो ठासून बसलेला 'च' तोही आपलाच, मराठीनं दखनीला दिलेला. "सगळं शहर आपला 'च' वापरतं आणि आपल्याला विचारतं, तुम्ही बाहेरून कधी आलात!"

नोकरी त्यांनी ऑडिटमध्ये केली. हे सांगितलं की माणसाचा निम्मा उलगडा होतो. दुसऱ्याच्या लिहिण्यात खोट काढायची, खुलासा मागणारा हाफ मार्जिन काढायचा, उत्तर आलं तरी 'समाधानकारक नाही' असा शेरा मारून फाइल परत पाठवायची, हे हाताला लागलेलं वळण निवृत्तीनंतर जाणार कुठे? पैशांचा हिशेब गेला, शब्दांचा आला. लग्नपत्रिका घरात आली की आधी लाल पेन उघडतं, मग पाकीट. शिवाय शहराचा इतिहासही त्यांच्या बाजूनं. उस्मानिया विद्यापीठ 1918 साली उर्दू माध्यमात सुरू झालं. त्यासाठी आदल्याच वर्षी इथे दारुत्तर्जुमा म्हणजे भाषांतराचं सरकारी खातं काढलं होतं. रसायनशास्त्रापासून कायद्यापर्यंतची पुस्तकं तिथे उर्दूत आणली जात आणि एकेका संज्ञेसाठी विद्वानांच्या बैठका बसत. शब्दासाठी बैठक आणि वर पगार! असलसाब हे सांगताना इतके हळवे होतात की जन्म एक पिढी उशिरा झाला याबद्दल त्यांनी आईवडिलांनाही एक हाफ मार्जिन पाठवला असावा.

हिब्रू मात्र त्यांच्या आयुष्यात साखरपुड्यातून आली.

तळमजल्यावरच्या वहिनींची मुलगी, जिला सगळी गल्ली पिंकी म्हणते, तिचा साखरपुडा होता. मुलगा मूळचा नांदेडचा, नोकरी गच्चीबावलीला, आणि साहेब अमेरिकेत. ओटी भरून झाली, अंगठ्या झाल्या आणि हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर तो साहेब प्रकटला. हात हलवून तो म्हणाला, "माझल तोव!" आणि गेला.

"काय म्हणाले हो ते?" विहीणबाईंनी विचारलं.

"गुड लक म्हणाले," मुलानं सांगितलं.

दुसऱ्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. असलसाब उठले होते.

"असल में," ते म्हणाले, आणि सनईची टेप कुणीतरी बंद केली, "हे गुड लक नव्हे. गुड लक काम व्हायच्या आधी म्हणतात. हे काम झाल्यावर म्हणतात. पोरगा परीक्षेला निघाला तर माझल तोव म्हणायचं नाही, निकाल लागल्यावर म्हणायचं. म्हणजे अभिनंदन."

इथे थांबले असते तर त्यांचा सत्कार झाला असता. माहिती बिनचूक होती. पण ही जात थांबत नाही. मूळ हिब्रूत दोन शब्द, मझल आणि तोव. तोव म्हणजे चांगलं. मझल म्हणजे राशी, तारकांचा समूह. म्हणजे शब्दशः झालं सुनक्षत्र. पूर्व युरोपातल्या ज्यूंनी ते यिडिश बोलीत मुरवलं आणि त्यांच्याबरोबर ते इंग्रजीत शिरलं. आता तिकडे ज्यू नसलेला माणूसही बढती मिळालेल्या मित्राला बिनदिक्कत म्हणतो. "पण साहेबांनी जोर पहिल्या अक्षरावर दिला, ती यिडिशची ढब. इस्रायलात जोर दुसऱ्यावर देतात. मझाल!"

"मझाल," पुढच्या रांगेतलं एक पोर मोठ्यांदा म्हणालं.

"लग्नात ते कधी म्हणतात ठाऊक आहे? नवरदेव पायाखाली काचेचा पेला फोडतो, त्या क्षणी सगळे एकदम ओरडतात."

पिंकीच्या आईनं समोरचा पाण्याचा पेला पटकन उचलून मांडीत घेतला. शुभकार्यात काच फोडायची म्हणजे काय! जेरुसलेमच्या मंदिराचा विध्वंस आनंदाच्या दिवशीही विसरायचा नाही म्हणून फोडतात, असा असलसाबांनी खुलासा केला. तो ऐकून तिनं बशाही गोळा केल्या. आणि ते बरंच झालं, कारण पुढची माहिती बशीचीच होती. त्यांच्यात लग्न ठरल्याचा करार झाला की दोन्हीकडच्या आया, म्हणजे विहिणी-विहिणी, मिळून एक बशी फोडतात. यावर मुलाकडच्या विहीणबाई पहिल्यांदाच मोकळेपणी हसल्या. "मिळून ना? मग चांगलं आहे. आमच्यात एकमेकींवर फोडतात."

वातावरण सैल झालं होतं. तेवढ्यात गुरुजींना राहवलं नाही. "नक्षत्र म्हणतात, म्हणजे पत्रिका बघत असतील."

"तीच तर गंमत आहे! त्यांच्या तल्मुद या धर्मग्रंथात स्पष्ट म्हटलंय, इस्रायलला मझल नाही. ग्रहताऱ्यांची सत्ता आपल्यावर चालत नाही, असं त्यांच्या बहुतेक आचार्यांचं मत."

"मग एकमेकांना सुनक्षत्र कशाला म्हणतात?"

असलसाबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. खरं तर उत्तर सोपं होतं. आपल्यातला कट्टर बुद्धिवादीसुद्धा बस चुकली की "नशीबच फुटकं" म्हणतो आणि संध्याकाळी अंधश्रद्धेवर भाषण करतो. जिभेला कुणी सभासद-फॉर्म भरायला लावत नाही. पण असलसाबांना असं ढिलं उत्तर चालत नाही. ते कागद शोधायला खिशात हात घालत असतानाच पिंकीची आजी, जी इतका वेळ झोपलीय असं सगळे समजत होते, ती म्हणाली, "काय रे, मजल मारली असंच म्हणतोय ना तो गोरा? पोरीनं मजल मारली. बरोबरच आहे."

हॉल हसला. असलसाब हसले नाहीत. ते खाली बसले आणि जेवणात त्यांचं लक्ष नव्हतं.

त्या रात्री त्यांच्या खोलीतला दिवा दीडपर्यंत जळत होता, असं समोरच्या गच्चीवरून दिसलं. भानगड अशी होती की आजीचा शब्द फेटाळता येत नव्हता. आपला 'मजल' हा अरबी 'मंज़िल'. प्रवासातला मुक्काम. आणि अरबी ज्योतिषात चंद्र रोज रात्री जिथे मुक्काम करतो त्या जागांना 'मनाज़िल' म्हणतात, म्हणजे मंज़िलचंच अनेकवचन, म्हणजे जवळजवळ आपली नक्षत्रं! आणि हिब्रू 'मझल'चं मूळ पंडित शोधतात ते अक्कादी भाषेत, ताऱ्याची उभं राहण्याची जागा अशा अर्थाच्या शब्दात. म्हणजे दोन्हीकडे आकाशातले मुक्कामच. नातं आहे की नुसता चेहरा सारखा, हे ठरवायला दारुत्तर्जुमाची बैठकच हवी. पण अर्धवट झोपेतल्या बाईनं ऐकण्यात चूक करून जे गाठलं, ते आपल्याला तीन कोश उघडून गाठावं लागलं, हा ऑडिट पॅरा त्यांच्या नावावर कायमचा चढला. सकाळी ते आजीकडे गेले आणि अदबीनं म्हणाले, "मावशी, तुम्ही काल जे म्हणालात त्यात तथ्य असण्याची शक्यता नाकारता येत नाही." आजी म्हणाली, "काय म्हणाले रे मी?"

आता त्यांना दाखला हवा होता, अस्सल माणसाचा. असा माणूस त्यांच्या माहितीत होता. सिकंदराबादला रेल्वेच्या कचेरीत ऑडिटला जात तेव्हा ओळख झालेला अलिबागकडचा एक बेने इस्रायली, आता ठाण्याला स्थायिक. कोकणातले हे ज्यू म्हणजे आपले शनिवार तेली. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ते नाव. आडनावं पेणकर, दिवेकर, किहीमकर अशी गावावरून, बोली मराठी, आणि एलियाहू हन्नाबीला नवस बोलून पोह्यांचा मलिदा करायचा. मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग 1796 सालचं. मिशनरी जॉन विल्सननं 1832 साली हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं ते यांच्याचसाठी, आणि वल्हांडणाच्या रात्री वाचायची हगादा 1874 साली पुण्यात मराठीसकट निघाली. हे सगळं असलसाबांनी फोनवर त्या मित्रालाच ऐकवलं, तो ज्यू असूनही. मग मुद्द्यावर आले. "तुमच्यात लग्नाला माझल तोव म्हणतात की मझाल तोव?"

"माझ्या आजीनं जन्मात ते म्हटलं नाही हो," मित्र म्हणाला. "ती म्हणायची, सुखी राहा, आणि हातावर मलिदा ठेवायची. ते माझल-बिझल यिडिशवाल्यांचं. यिडिश रेवदंड्याला कुठून येणार? आता पोरं म्हणतात, इस्रायलला जाऊन आली की."

फोन ठेवल्यावर असलसाब बायकोला म्हणाले, "अगं, यांना त्यांची भाषा आता आपणच शिकवायची." त्या भाजी निवडत होत्या. "आधी तुमची तुम्ही कमी बोला," त्या म्हणाल्या. गेल्या चाळीस वर्षांत या संसारात टिकून राहिलेलं हे एकच वाक्य ज्याचं मूळ त्यांनी शोधलेलं नाही.

ठाण्यानं निराश केलं तरी हैदराबादनं केलं नाही. इराणी हॉटेलात दुसऱ्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं की या शहरात हिब्रू आली ती सतराव्या शतकातच. आणि हे खरंच आहे. सरमद नावाचा इराणातला ज्यू, धंद्यानं व्यापारी, वृत्तीनं फकीर आणि फारसीचा कवी. सिंधमधल्या ठठ्ठ्याला अभयचंद नावाच्या मुलावर त्याचा जीव जडला आणि तो अंगावरच्या कपड्यांसकट सगळं टाकून निघाला. हे दोघं अब्दुल्ला कुतुबशहाच्या काळात गोवळकोंड्याच्या राज्यात आले. 'दबिस्तान-ए-मज़ाहिब' या फारसी ग्रंथाचा कर्ता त्यांना 1647 साली हैदराबादेतच भेटला. ज्यू धर्माबद्दल त्याला सरमदकडूनच कळलं आणि अभयचंदानं फारसीत उतरवलेला तोरा या ज्यू धर्मग्रंथाच्या पहिल्या पुस्तकाचा सुरुवातीचा भाग त्यानं आपल्या ग्रंथात घातला. पुढे सरमद दिल्लीला गेला आणि औरंगजेबाच्या राज्यात त्याचं डोकं उडवलं गेलं. "हैदराबादेत राहिला असता तर?" असलसाब विचारतात. पोऱ्या म्हणतो, "बिर्याणी खाको सो जाता था साब."

त्या पहिल्या पुस्तकाच्या अगदी तोंडाशी 'तोहू-वा-बोहू' आहे. सृष्टी घडायच्या आधीचा सगळा पसारा. इंग्रजीनं तेही उचललं, 'टोहू-बोहू' करून, मोठ्या गोंधळाला म्हणायला. पावसाळ्यात लकडी का पूलजवळ ऑटो अडकला की असलसाब बाहेर मान काढून तोहू-बोहू म्हणतात. एकदा वाहतुकीच्या हवालदारानं "किसकी बहू?" म्हणून विचारलं. तेव्हापासून ते मान आत ठेवून म्हणतात.

लग्न मार्गशीर्षात झालं. काच फुटली नाही, आईनं सगळे पेले स्टीलचे ठेवले होते. पण पंगत बसली आणि वाढप्या पोराचा पाय सतरंजीत अडकून ताटांची चळतच्या चळत खाली आली. त्या खणखणाटात मुलाकडची गच्चीबावलीची सात-आठ पोरं एका सुरात ओरडली, "माझल तोव!" तिकडे अमेरिकेत हॉटेलात बशी पडली की असं गमतीनं ओरडतात, हे असलसाबांनीच त्यांना हळदीच्या दिवशी शिकवलं होतं. शिकवलेलं इतकं बिनचूक वापरलं गेल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर पसरतोय तोच वाढप्याच्या दुसऱ्या हातातलं कुर्बानी का मीठा त्यांच्या शेरवानीवर पडलं.

दुसरा कुणी ओरडला असता. असलसाब छातीवरून ओघळणाऱ्या जर्दाळूकडे बघत म्हणाले, "कुर्बानी नव्हे, ख़ुबानी. ख़ुबानी म्हणजे जर्दाळू." मग पोराकडे वळून, "आणि बेटा, यिडिशमध्ये दोन प्रकारची माणसं सांगितली आहेत. जो सूप सांडतो तो श्लेमील. ज्याच्या अंगावर सांडतं तो श्लिमाझल. म्हणजे खराब मझलवाला. आलं का लक्षात? तोच शब्द!" पोरगं तेलुगू होतं. त्यानं "सॉरी सार" म्हणून फडकं पुढे केलं आणि पुसता पुसता मलई खिशात ढकलली.

पिंकीला दिवस राहिले. डोहाळजेवणाला बायकांचा कार्यक्रम असतो, तरी असलसाब दारात उभे. त्यांचं काम महत्त्वाचं होतं. आता कुणी चुकूनही माझल तोव म्हणायचं नाही! मूल हातात येईपर्यंत ते म्हणत नाहीत, गर्भारपणात म्हणायचं 'बेशाआ तोवा'.

"म्हणजे?" आजीनं विचारलं.

"चांगल्या घटकेला होवो."

"मग तेच म्हणा की, जिभेला कशाला पीळ!" आजी म्हणाली आणि ओटी भरायला पुढे झाली. मला विचाराल तर या एका रूढीत ज्यू आणि देशस्थ यांच्यात तसूभर अंतर नाही. काम पार पडेपर्यंत तोंडातून कौतुक काढायचं नाही, दृष्ट लागते. असलसाबांना हे सांगितलं असतं तर त्यांनी 'दृष्ट' शब्दावर पाऊण तास घेतला असता.

आणि मग तो दिवस आला, ज्याची त्यांनी वर्षभर वाट पाहिली होती. काम झालेलं, मूल हातात, आई सुखरूप, तिथीवार नक्की. शब्दाला इतकी नेमकी जागा जगात दुसरी नाही. बरकतपुऱ्यातल्या दवाखान्याचे तीन जिने चढून ते वर पोचले, श्वास घ्यायला थांबले, आणि खोलीतून आजीचा खणखणीत आवाज आला, "माझल तोव गं पोरी, माझल तोव!"

"मावशी, मझाल," ते दारातूनच म्हणाले.

"तुमचं ते नंतर. आधी पेढा धरा. मुलगी झालीय, जिलबी नाही आणली, पेढाच आणलाय, त्यावरून काही सांगू नका."

पेढ्यानं भरलेल्या तोंडानं त्यांना बोलता आलं नाही. तो कार्यक्रम तिथेच संपला.

तुंबलेलं सगळं नावावर निघालं. पिंकीनं इंटरनेटवरून काढून ठेवलं होतं, मायरा. असलसाबांचं उत्तर संध्याकाळच्या आत आलं: हे नाव एका इंग्रज कवीनं कवितेसाठी रचलं, संस्कृतशी संबंध नाही, देवीशी तर नाहीच. मग कियारा. तर ते इटालियन 'क्यारा', वर हिंदी सिनेमाचं पाणी. त्यांना कुणी विचारलं नव्हतं तरी त्यांनी स्वतः सुचवलं, मझल. इस्रायलात हे बायकांचं नाव असतं! मुलाच्या आईनं ते दोनदा म्हणून पाहिलं. इराणी हॉटेलातला पोऱ्या म्हणाला, "ग़ज़ल बोलो साब, कम से कम गा तो सकते."

शेवटी अनाया ठरलं. दोन्ही घरांत पसंत, केकवर लिहून आलं, बारशाची पत्रिका छपाईला निघाली. असलसाबांचा फोन आला.

"असल में, अनाया हिब्रू नाव आहे. बायबलात नहेम्याच्या पुस्तकात येतं. एज्रा लोकांना धर्मशास्त्र वाचून दाखवतो तेव्हा त्याच्या उजव्या हाताला जे उभे असतात त्यांच्यात अनाया आहे."

"अय्या, किती छान! कोण होती ती?"

"होती नव्हे. होता. बहुधा दाढीवाला."

पत्रिका थांबली. केक कापला, पण नावाचा भाग तसाच ठेवून. जीएचएमसीचा, म्हणजे महापालिकेचा, जन्मदाखला आला, त्यात नावाची जागा मोकळी आहे, आणि त्याबद्दल घरात अधूनमधून आवाज चढतात. असलसाब मात्र शांत. त्यांनी नियम वाचलाय. नाव पहिल्या 12 महिन्यांत घातलं तर फुकट, त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत घालता येतं. "घाई कशाला? दहावीच्या फॉर्मला लागेल तेव्हा बघू."

दरम्यान पोरीला अंघोळ घालायला येणारी तेलुगू बाई तिला चिन्नी म्हणते. बाईचं ऐकून आजी म्हणू लागली, आजीचं ऐकून आई, आणि आता नांदेडहून येणाऱ्या फोनवरही चिन्नीचीच चौकशी होते. सगळे श्वास रोखून आहेत. असलसाबांनी द्राविडी भाषांचा व्युत्पत्तिकोश मागवलाय, तो अजून पोचलेला नाही.